जुन्या ट्रकची सीट: वरून गादी टाकू नका, खालून सुरुवात करा

जुना ट्रक हाती आला की पहिले काही दिवस सगळं लक्ष इंजिन, ब्रेक आणि गिअरच्या आवाजाकडे असतं. सीटची आठवण होते ती पहिल्या लांबच्या फेरीनंतर, खाली उतरल्यावर कंबर सरळ होत नाही तेव्हा. मग बहुतेक जण एकच करतात. एखादी जाड उशी किंवा तयार गादी आणून सीटवर टाकतात. दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी दुखणं परत येतं. शिवाय आता डोकं छताजवळ गेलेलं असतं, आरसे खाली दिसतात आणि क्लच दाबायला पाय जास्त ताणावा लागतो.

मीही हेच केलं होतं, तेही एकावर एक दोन गाद्या. शेवटी वैतागून सीट उचलली तर दाराकडच्या बाजूच्या दोन स्प्रिंगा तुटून लोंबकळत होत्या. माझ्या दोन्ही गाद्या इमानेइतबारे त्या खड्ड्यात जाऊन बसत होत्या. सीट बिघडते ती बहुधा खालून, आणि आपण मलमपट्टी करतो वरून. म्हणून पुढचं सगळं काम त्याच क्रमाने सांगतो: आधी फ्रेम, मग स्प्रिंगा, मग फोम, आणि कव्हर सगळ्यात शेवटी.

पहिली पायरी: नक्की दुखतंय कुठे?

रोज गाडी चालवताना बसता तसेच बसा, पायात तेच बूट घालून. मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा. एका पाकिटामुळे कंबर तिरकी होते आणि बोल सीटला लागतो. निदान वीस मिनिटं बसून राहा. फोम वजनाखाली हळूहळू दबत जातो, त्यामुळे पहिल्या दोन मिनिटांत कुठलीही सीट बरीच वाटते. दुकानात सीट निवडताना माणसं फसतात ती इथेच.

माकडहाडाशी किंवा बसण्याच्या दोन हाडांखाली टोचत असेल तर फोम तळाला टेकलेला आहे. मांडीच्या खालून मुंग्या येत असतील तर बैठकीची पुढची कड मांडीला दाबते आहे. पण घाईने ती कड कापायला जाऊ नका. पुष्कळदा कड जागच्या जागी असते, मागचा भाग खचलेला असतो आणि त्यामुळे कड उंच वाटते. कमरेच्या खळग्यात दुखत असेल तर पाठीचा आधार पोकळ झालेला असतो. एकाच बाजूची कंबर धरत असेल तर सीट कललेली आहे. दाराकडची बाजू जवळजवळ नेहमीच आधी जाते, कारण चढताना-उतरताना दर वेळी सगळं वजन त्या एका कडेवरून घसरतं. मान आणि खांदे दुखत असतील तर फोमचा दोष क्वचितच असतो. स्टिअरिंगपासूनचं अंतर किंवा पाठीचा कोन चुकलेला असतो, आणि तो फुकटात सुधारता येतो.

दुखणं एका जागी नाही, सगळं अंगच ठेचल्यासारखं होतंय, असं असेल तर सीटला हात लावण्याआधी टायरमधली हवा, शॉक अब्सॉर्बर आणि केबिनखालचे रबरी माउंट बघा. माउंट दगडासारखे कडक झाले असतील किंवा चिरडून गेले असतील तर रस्त्याचा प्रत्येक खड्डा थेट केबिनमध्ये येतो. अशा वेळी सीट कितीही चांगली बसवली तरी ती निम्मंच काम करेल.

आता सीटची परीक्षा. बैठकीवर गुडघा टेकवून जोरात दाबा. आतलं लोखंड गुडघ्याला लागलं तर फोम संपला आहे. लोखंड लागत नाही पण सगळी बैठकच झोळीसारखी खाली जाते, तर स्प्रिंगा ढिल्या पडल्या आहेत. बैठकीवर आडवी सरळ पट्टी ठेवून मागून बघा, कल लगेच दिसतो. टॉर्च घेऊन सीटखाली डोकावा. जमिनीवर पिवळी-तपकिरी भुकटी सांडलेली दिसली तर तो तुमचा फोम आहे, हप्त्याहप्त्याने बाहेर पडणारा. शेवटी पाठीचा वरचा भाग धरून सीट पुढे-मागे हलवा. खटखट आवाज आला तर सरकपट्ट्या, म्हणजे सीट ज्यांवर पुढे-मागे सरकते ते रूळ, झिजल्या आहेत किंवा बोल्ट ढिले आहेत. हा आरामाचा प्रश्न नाही. अचानक ब्रेक लागला तर सीट तुमच्यासकट जागची सुटू शकते, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा.

सीटच्या पोटात काय असतं

खालून वर गेलं तर आधी लोखंडी फ्रेम, त्यावर नागमोडी तारेच्या किंवा गुंडाळीच्या स्प्रिंगा, त्यावर गोणपाट किंवा जाड फेल्ट, मग फोम, फोमवर कापसासारखा पॉलिएस्टरचा पातळ थर आणि सगळ्यावर कव्हर. फार जुन्या गाडीत फोम सापडेलच असं नाही. पॉलियुरेथेनचं रसायन १९३७ साली जर्मनीत ओटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं, पण त्याचा मऊ फोम सर्रास वापरात यायला १९५० चं दशक उजाडलं. त्याआधीच्या सीटमध्ये घोड्याचे केस, कापूस, रबर लावलेला काथ्या किंवा लॅटेक्स निघतो. रबर लावलेला काथ्या तर नंतरच्या ट्रकमध्येही बरीच वर्षं होता. तो शाबूत असेल तर फेकू नका. हवा खेळती ठेवणारा थर म्हणून तो आजही उत्तम आहे.

तीन वाटा, आणि त्यातली कुठली कुणासाठी

पहिली वाट म्हणजे आहे तीच सीट आतून दुरुस्त करणं. फ्रेम धड असेल तर नवख्या माणसाने हीच धरावी. बोल्टची भोकं, उंची, सीटबेल्टचा पट्टा, सगळं मूळ जागेवर राहतं आणि काही बिघडलंच तर फार तर फोम वाया जातो. दुसरी वाट दुसऱ्या गाडीची चांगली सीट आणून बसवण्याची. हे दिसतं सोपं, पण सगळी कटकट जमिनीशी जोडण्यात आहे. तिसरी वाट सस्पेन्शन सीटची, म्हणजे खाली स्वतःची स्प्रिंग किंवा हवेची पिशवी असलेली सीट. दिवसाचे सहा-आठ तास खराब रस्त्यावर काढणाऱ्याला तिच्यासारखं सुख नाही. महिन्यातून दोनदा ट्रक काढणाऱ्याने तिच्या फंदात पडू नये.

सीट काढताना

आधी बॅटरीची ऋण तार सोडवा. जुन्या ट्रकला सीटमध्ये एअरबॅग नसते, पण कुणी आधीच नव्या गाडीची सीट बसवली असेल तर खाली पिवळ्या रंगाचा कनेक्टर दिसू शकतो. तो एअरबॅगचा किंवा पट्टा आवळणाऱ्या यंत्रणेचा असतो. बॅटरी सोडवून काही मिनिटं थांबल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

सीटखाली किंवा सीटमागे काय आहे तेही बघून घ्या. काही ट्रकमध्ये बॅटरी सीटखालीच असते. काही जुन्या पिकअपमध्ये इंधनाची टाकी केबिनमध्ये, पाठीच्या मागे असते. शेवरोलेच्या पिकअपमध्ये १९७२ पर्यंत ती तिथेच होती. अशा ठिकाणी ग्राइंडर किंवा वेल्डिंगची ठिणगी म्हणजे काय होईल ते सांगायला नको. सीट बाहेर नेऊनच काम करा.

गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. तारेच्या ब्रशने वर आलेले आटे घासा. मग लांब दांड्याच्या पान्ह्याने झटका न देता दाब द्या. थोडा सैल झाला की पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सैल करा. असं पुढे-मागे केल्याने आट्यातला गंज चुरा होऊन बाहेर पडतो. सरळ जोर लावलात तर बोल्टचं डोकं हातात येईल, आणि मग अर्धा दिवस ड्रिल मारण्यात जाईल. हे मी दोनदा केलं आहे, एकदा तरी शिकायला हवं होतं.

मोबाइलवर भरपूर फोटो काढा. कुठला बोल्ट लांब, कुठला आखूड, वॉशर कुठे, सरकपट्टीचा दांडा कुठल्या खाचेत, सगळं टिपून ठेवा. सीट एकट्याने उचलू नका. बाकासारखी लांब सीट दारातून तिरकी काढावी लागते आणि कंबर नेमकी तिथेच लचकते.

फ्रेम आणि स्प्रिंगा

सीट उलटी केली की कव्हर तारेच्या छोट्या कड्यांनी फ्रेमला अडकवलेलं दिसेल. कारागीर त्यांना हॉग रिंग म्हणतात. त्या काढायला साध्या कटरने कापल्या तरी चालतं, लावायला मात्र खाचेच्या तोंडाची वेगळी पक्कड लागते. ती घ्याच. साध्या पकडीने कड्या लावायला गेलात तर तासाभरात बोटं सोलून निघतात. कव्हरच्या कडेला शिवणीत ओवलेली जाड तार असते, ती जपून काढून ठेवा. नव्या कव्हरला तीच लागणार आहे. तोंडावर मास्क हवा, कारण जुन्या सीटमध्ये फोमची भुकटी आणि बुरशी असते, शिवाय उंदराचं घरटंही निघू शकतं.

फ्रेम उघडी पडली की गंज घासून प्रत्येक सांधा हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. तुटक्या सांध्याचा आवाज बसका येतो. फ्रेमला तडा असेल तर वेल्डिंग जाणकाराकडून करून घ्या. पाठ आणि बैठक जिथे जोडली जाते तो बिजागरीचा भाग गेला असेल तर मात्र दुरुस्तीचा नाद सोडा आणि दुसरी फ्रेम शोधा. बाकी ठीक असेल तर गंजरोधक प्रायमर आणि वर रंगाचा हात द्या.

नागमोडी स्प्रिंगा तुटतात त्या बहुधा टोकाशी, जिथे त्या क्लिपमध्ये अडकतात. कधी स्प्रिंग चांगली असते आणि नुसती क्लिप निसटलेली किंवा तुटलेली असते. असं निघालं तर नशीब समजा. तुटलेली स्प्रिंग बदलताना तारेची जाडी आणि लांबी जुन्याइतकीच घ्या. जाड तारेची स्प्रिंग तेवढीच एक कडक राहते आणि मग तीच टोचते. स्प्रिंगेला वेल्ड करू नका. उष्णतेने तिचा ताव जातो आणि वेल्डच्या शेजारीच ती पुन्हा तुटते. सगळ्या स्प्रिंगा धड असूनही झोळी पडली असेल तर शेजारच्या स्प्रिंगांना आडव्या तारेने एकमेकींशी बांधा, म्हणजे वजन वाटलं जातं.

आता नवखे हमखास विसरतात तो थर. स्प्रिंगेवर थेट फोम ठेवायचा नाही. मध्ये जाड गोणपाट किंवा फेल्ट ताणून बसवायचं. ते नसेल तर स्प्रिंग करवतीसारखी फोम कुरतडत राहते, आणि तुम्ही म्हणता फोमवाल्याने फसवलं. केबिनखाली इंजिन असलेल्या ट्रकमध्ये याच वेळी सीटखाली उष्णता अडवणारं, चंदेरी पापुद्र्याचं फेल्टही घालून घ्या. फोमला उष्णता सोसत नाही.

फोम: इथे घाई करू नका

फोम विकत घेताना दोन गोष्टींची गल्लत होते: घनता आणि कडकपणा. घनता म्हणजे एका घनमीटरमध्ये किती किलो माल आहे. कडकपणा म्हणजे दाबायला किती जोर लागतो. हलका फोमही कडक बनवता येतो आणि भारी फोमही मऊ. फोम किती वर्षं टिकेल हे मुख्यतः घनतेवर ठरतं, बसायला कसा वाटेल हे कडकपणावर. दुकानात बोटाने दाबून 'हा छान कडक आहे' म्हणून घेतलेला हलका फोम काही महिन्यांत पापड होतो, तो याच कारणाने.

ड्रायव्हरच्या बैठकीला घनमीटरला ४० किलोच्या खालचा फोम घेऊ नका. ५० च्या आसपास मिळाला तर उत्तम. पारखायची सोपी युक्ती अशी: १० सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असा तुकडा कापून वजनकाट्यावर ठेवा. तो बरोबर एक लिटरचा तुकडा होतो, म्हणून ४० घनतेचा फोम ४० ग्रॅम भरला पाहिजे. २० ग्रॅम भरला तर तो सामान गुंडाळायच्या लायकीचा आहे. काही फोममध्ये खडूसारखी पूड भरून वजन फुगवलेलं असतं, म्हणून तुकडा बोटांत चोळूनही बघा. पूड सुटली तर नको. शक्य असेल तर जास्त उसळीचा, म्हणजे 'हाय रेझिलियन्स' म्हणून विकला जाणारा फोम मागा. तो दाब काढल्यावर लवकर वर येतो आणि धक्क्यावर धक्का बसत असताना ते महत्त्वाचं असतं. हळूहळू वर येणारा मेमरी फोम झोपायला ठीक, ट्रकमध्ये एक पातळ वरचा थर म्हणून फार तर. थंडीत तो कडक होतो आणि सलग खड्ड्यांत दबलेलाच राहतो.

एकाच जाड ठोकळ्यापेक्षा थर चांगले. मला जमलेली रचना अशी: गोणपाटावर २ ते ३ सेंटीमीटर कडक, फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला रिबॉन्डेड फोम. त्यावर ७ ते ८ सेंटीमीटर मुख्य फोम. सगळ्यात वर एक-दीड सेंटीमीटर मऊ. खालचा थर तळाला टेकू देत नाही, मधला वजन धरतो, वरचा टोचू देत नाही. दोन्ही बाजूंच्या कडांना, विशेषतः दाराकडे, कडक फोमची पट्टी उभी घाला.

एकूण उंची मूळ सीटइतकीच ठेवा. मूळ उंची किती होती ते कळायला सीटचा न खचलेला कोपरा किंवा सहप्रवाशाची बाजू मोजा. ५ सेंटीमीटर उंची वाढली तर कागदावर काही वाटत नाही, पण डोकं छताकडे जातं, मांडी स्टिअरिंगला घासते, पेडलचा कोन बदलतो आणि पट्टाही कमरेवरून पोटावर सरकतो. मोजून १ सेंटीमीटर जास्त ठेवलंत तर हरकत नाही. नवा फोम पहिल्या काही आठवड्यांत तेवढा बसतोच.

बैठकीची खोलीही बघा. पाठ टेकून बसल्यावर पुढची कड आणि गुडघ्याची लवण यांत दोन-तीन बोटं गेली पाहिजेत. जात नसतील तर कड गोलसर कापा. बैठक मागे किंचित उतरती हवी, नाहीतर प्रत्येक ब्रेकला माणूस पुढे घसरतो आणि पायाने स्वतःला रेटत राहतो. पाय का दुखतात याचं कारण मग सापडत नाही.

कापायला लांब पात्याची दातेरी सुरी, पावाची असते तशी, चालते. एका दमात लांब हात फिरवा, करवतीसारखे आखूड झटके दिले तर पायऱ्या पडतात. चिकटवायला कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह दोन्ही बाजूंना पातळ लावून थोडं सुकू द्या आणि मग जोडा. त्याची वाफ डोक्यात जाते आणि पेटतेही. दारं-खिडक्या उघडी हवीत आणि आसपास विडी-सिगारेट नको. वरच्या मऊ थराला गोंद फक्त कडेने लावा. मधोमध लावला तर वाळून कडक झालेली गोंदाची रेघ बसल्यावर कळते.

पाठीच्या भागाला कमी फोम लागतो, पण नेमक्या जागी. कमरेच्या खळग्याला आधार देणारा फुगवटा साधारण पँटच्या पट्ट्याच्या रेषेवर आणि किंचित वर हवा. आधी टॉवेलची घडी तिथे ठेवून दोन-तीन दिवस चालवा, जागा वर-खाली करून बघा. जिथे बरं वाटेल तिथे खडूने खूण करून मग तेवढाच फोम चिकटवा. फुगवटा जाड केला तर वरची पाठ सीटपासून सुटते आणि मान पुढे येते. जुन्या ट्रकच्या पाठीला डोक्यामागे आधार नसतो. तो असलेली पाठ मिळत असेल तर घ्या, आधाराची वरची कड डोक्याच्या वरच्या पातळीपर्यंत आली पाहिजे.

कव्हर

रेक्झिन धुवायला सोपं, पण घाम धरतं. कापड हवेशीर, पण ग्रीस लागलं की संपलं. मला स्वतःला मध्ये जाड विणीचं कापड आणि कडांना रेक्झिन असं आवडतं, कारण झिजते ती कड आणि घामेजतो तो मधला भाग. माल कुठलाही घ्या, गाडीच्या आतील वापरासाठीचा घ्या. गाडीच्या आतलं सामान किती वेगाने जळतं याची ISO ३७९५ क्रमांकाची आंतरराष्ट्रीय चाचणी आहे. अमेरिकेच्या ३०२ क्रमांकाच्या मानकात हा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरच्या वर जाऊन चालत नाही. सोफ्याच्या किंवा पडद्याच्या कापडाला हे लागू नसतं.

जुनं कव्हर टराटरा फाडू नका. शिवणी उसवून प्रत्येक तुकडा सपाट करा, त्यावर क्रमांक, वरची दिशा आणि शेजारच्या तुकड्याशी जुळणारी खूण लिहा. हेच तुमचे नमुने. दोरा पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा हवा, सुती दोरा घामाने आणि उन्हाने कुजतो. रेक्झिनमध्ये सुईचं भोक कायमचं राहतं, म्हणून टाका चुकला की उसवून त्याच रेषेवर पुन्हा शिवू नका, तिथून ते फाटतं. घरच्या शिलाई यंत्रावर तीन-चार थर जात नसतील तर तुकडे कापून कारागिराला शिवायला द्या. यात कमीपणा काही नाही. मीही शिवण बाहेरूनच करून घेतो.

चढवण्याआधी रेक्झिन थोडा वेळ उन्हात ठेवा, मऊ पडतं. फोमवर पातळ प्लास्टिकची पिशवी घातली की कव्हर सरसर सरकतं. चढल्यावर पिशवी ओढून काढा. आधी मधोमध पुढे आणि मागे एकेक कडी, मग बाजूंना, मग कोपरे. एका टोकापासून सुरू केलंत तर दुसऱ्या टोकाला सुरकुती जमा होते.

दुसऱ्या गाडीची सीट बसवायची असेल तर

मापं आधी, सीट नंतर. बोल्टच्या भोकांमधलं आडवं आणि उभं अंतर, जमिनीपासून बैठकीची उंची, दोन्ही बाजूंची जागा, गिअरच्या दांड्याची पूर्ण हालचाल आणि दार बंद झाल्यावर उरणारं अंतर, हे सगळं कागदावर घेऊन मगच भंगारात जा. तिथे मिळालेली सीट पाण्यात बुडालेल्या गाडीतली नाही ना ते सरकपट्टीतल्या चिखलावरून आणि वासावरून कळतं. अपघातातल्या गाडीची सीट घेऊच नका.

भोकं जुळणार नाहीत हे गृहीत धरा. मध्ये जाड लोखंडी पट्ट्यांचं स्टँड करावं लागतं. जमिनीच्या पातळ पत्र्यात नवं भोक पाडून नुसता वॉशर लावणं म्हणजे कागदाला बटण शिवणं. पत्र्याखालून निदान ३ मिलिमीटर जाड, तळहाताएवढी, कोपरे गोल केलेली पोलादी पट्टी हवीच. शक्य तिथे बोल्ट केबिनच्या आडव्या पट्टीतून न्या. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा दर्जा सांगणारा आकडा असला पाहिजे. कोरं डोकं असलेला बोल्ट सीटला वापरू नका. नट नायलॉनच्या कड्याचे, आपोआप न सुटणारे घ्या.

जोर किती लागतो याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. अमेरिकी मानकानुसार सीट तिच्या वजनाच्या २० पट ओढ सहन करायला हवी. २० किलोच्या सीटला ही ओढ ४०० किलोच्या वजनाइतकी होते, आणि यात माणूस धरलेलाच नाही. पट्ट्याच्या जोडांची कसोटी घेताना कमरेच्या आणि खांद्याच्या पट्ट्यावर एकाच वेळी प्रत्येकी १३,३४५ न्यूटन, म्हणजे सुमारे १,३६० किलोच्या वजनाएवढा जोर लावतात. म्हणून पट्टा सीटमध्येच बसवलेली सीट साध्या जमिनीवर जोडणं धोक्याचं आहे. तो सगळा जोर मग तुमच्या चार बोल्टांवर येतो. पट्टा ट्रकच्या मूळ जागीच राहू द्या. मूळ जागाच नसेल तर ते काम आणि स्टँडचं वेल्डिंग, दोन्ही या कामातल्या माणसाकडून करून घ्या. गाडीच्या तपासणीत अशा बदलाची नोंद लागते का, तेही आधी विचारून घ्या.

सस्पेन्शन सीट

माणसाचं बसलेलं शरीर उभ्या दिशेच्या, सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा होणाऱ्या कंपनांना सगळ्यात हळवं असतं. पंचाईत अशी की नुसत्या फोमची सीट स्वतःच सेकंदाला ४ च्या आसपास डोलते, म्हणजे तेच धक्के कमी करण्याऐवजी वाढवते. सस्पेन्शन सीट सेकंदाला एक-दीड वेळा अशी संथ हलते. कुठलीही स्प्रिंग तिच्या स्वतःच्या वेगाच्या सुमारे १.४ पटीच्या पुढचेच धक्के गाळते. म्हणून दीडवर हलणारी सीट दोनच्या थोडं पुढून काम सुरू करते, आणि चार-आठचा त्रासदायक पट्टा तिच्या तावडीत येतो. युरोपच्या २००२ च्या निर्देशात कामगाराच्या अंगाला बसणाऱ्या अशा कंपनांना आठ तासांसाठी १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही मर्यादा घातली आहे आणि ०.५ पासूनच उपाय सुरू करायला सांगितलं आहे. हा विषय नुसत्या सुखासीनतेचा नाही, एवढाच त्याचा अर्थ.

जुन्या केबिनमध्ये अडचण उंचीची. सस्पेन्शनचा पाया जाड असतो, त्यामुळे ती वर-खाली पूर्ण हलली तरी डोकं छताला लागणार नाही एवढी जागा आहे का ते आधी मोजा. हवेच्या सीटला हवा लागते. एअर ब्रेक असलेल्या ट्रकमध्ये ती मिळते, पण ब्रेकच्या मुख्य टाकीला थेट नळी जोडायची नाही. दाब राखणाऱ्या व्हॉल्व्हनंतरच घ्यायची, म्हणजे सीटची नळी फुटली तरी ब्रेकची हवा शाबूत राहते. एअर ब्रेक नसतील तर छोटा विजेचा कॉम्प्रेसर लावा, किंवा हवेशिवाय चालणारी यांत्रिक स्प्रिंगची सीट घ्या. पट्टा जमिनीला आणि सीट वर-खाली, असं असेल तर प्रत्येक खड्ड्याला पट्टा आवळत जातो. म्हणून अशा सीटला पट्टा सीटवर आणि सीटला जमिनीशी धरणारे वेगळे दोर-पट्टे असतात. ते 'उगाच लोंबतात' म्हणून कापून टाकलेले मी पाहिले आहेत.

सीट तुमच्या वजनाला लावून घ्यायला विसरू नका. बसल्यावर ती हालचालीच्या मधोमध राहिली पाहिजे. फार खाली राहिली तर मोठ्या खड्ड्यात तळाला आदळते, आणि तो दणका साध्या फोमच्या सीटपेक्षाही वाईट असतो.

परत बसवताना

सगळे बोल्ट आधी हाताने काही आटे फिरवून लावा, मगच आवळा. एकच आधी करकचून आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत. नेमका टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, गाडीच्या पुस्तिकेतून बघा. सरकपट्टीला थोडं ग्रीस द्या आणि ती दोन्ही बाजूंना एकाच खाचेत अडकते ना ते तपासा. बॅटरी सीटखाली असेल तर तिच्या टर्मिनलवर झाकण हवंच. बसल्यावर खाली आलेली स्प्रिंग टर्मिनलला टेकली की ठिणगी उडते आणि वर फोम असतो.

मग बैठक लावून घ्या. क्लच पूर्ण दाबून गुडघा थोडा वाकलेला राहील इतकं पुढे सरका. पाठ किंचित मागे कलती ठेवा. खांदे टेकलेले असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे. आरसे सगळ्यात शेवटी.

पहिल्या लांबच्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळा, ते थोडे तरी सैल झालेले असतात. आणि बैठकीच्या मागच्या खालच्या बाजूच्या पाच-सहा कड्या मुद्दाम सैलसर लावून ठेवा. महिन्याभरात एखादी बाजू जास्त दबली तर तेवढ्याच कड्या काढून, कव्हर न उसवता, गोणपाटाच्या आणि फोमच्या मध्ये पातळ कडक पट्टी सरकवता येते.